जॉन राजाची अनौरस लेक आणि तिचा वेल्समधला संसार

२ मे १२३० ला वेल्समधे क्रोगेन नावाच्या ठिकाणी विल्यम द ब्रिओझ या बड्या सरदाराला फाशी दिलं. रात्री गुपचूप नाही, दिवसाढवळ्या, आठशेहून जास्त लोकांसमोर. वॉडीच्या मठाधिपतीने इंग्लंडच्या चान्सलरला तेव्हा लिहिलेल्या पत्रात हा आकडा आहे. ईस्टरच्या सुमारास हा माणूस ग्विनेदचा राजा लिवेलिन याच्या खोलीत लिवेलिनच्या बायकोबरोबर सापडला होता, आणि ती बायको म्हणजे इंग्लंडच्या जॉन राजाची लग्नाबाहेरची मुलगी.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच सुरू होते आणि इथेच संपते, प्रेमप्रकरण आणि फाशी, की झालं. मला ते पटत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. त्या बाईला कैदेत टाकलं, आणि साधारण वर्षभरात ती सुटून परत नवऱ्याच्या शेजारी येऊन बसली, पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या राजाशी बोलणी करायला गेली. तेराव्या शतकात, आठशे लोकांसमोर अब्रू गेल्यावर हे कसं काय झालं? याचं उत्तर शोधायचं तर तिच्या जन्मापासून सगळं बघावं लागतं.

तिचं इंग्रजी नाव जोन, वेल्श लोक शुआन म्हणतात. बाप जॉन आणि लेक जोन असा गोंधळ नको म्हणून मी शुआनच लिहिते. आईचं नाव क्लेमेन्शिया, एवढंच एका मठाच्या बखरीतून कळतं. जन्म साधारण ११९१ चा म्हणतात, पण पुढे पोपने तिच्याबद्दल जे पत्र दिलं त्यात आईबाप दोघेही तेव्हा अविवाहित होते असं धरलंय, आणि जॉनचं पहिलं लग्न ऑगस्ट ११८९ मधलं, म्हणजे पोपचं खरं मानलं तर ती त्याच्या आधीची असायला हवी. दोनेक वर्षांचा फरक, पण पुढे तिच्या मुलाचं राज्य या असल्या तपशिलांवर उभं राहिलं म्हणून सांगितलं.

लहानपण बहुधा नॉर्मंडीत गेलं. १२०३ च्या शेवटी, नॉर्मंडी जॉनच्या हातातून निसटत असताना, राजाच्या मुलीला आणि राजाच्या सामानाला इंग्लंडला आणणाऱ्या जहाजाचा खर्च सरकारी हिशोबात लिहिलाय. मुलगी आणि सामान एकाच नोंदीत. मला ती ओळ वाचून कसंतरीच झालं होतं.

जॉनला अनौरस मुलं बरीच होती आणि त्यात त्या काळी कुणाला फार वावगं वाटायचं नाही. अनौरस मुलगी म्हणजे राजासाठी एक सोयीचीच गोष्ट, रक्त राजाचं त्यामुळे सीमेवरच्या कुणाला दिली तर त्याचा मान राहतो, आणि गादीवर हक्क नसल्यामुळे जावई उद्या सिंहासन मागायला येत नाही. १२०४ मधे जॉनने ती लिवेलिनला देऊ केली. लिवेलिन तिशीच्या आसपासचा, उत्तर वेल्समधल्या ग्विनेदचा राजा, भाऊबंदांना हटवून नुकताच वर आलेला. त्याचं दुसरीकडेही बोलणं चाललं होतं, मॅन बेटाच्या राजाची मुलगी, त्यासाठी पोपकडून परवानगीची खटपट झाली होती, ती आधी त्याच्या काकाला दिलेली असल्याने त्यात घोळ होता. इंग्लंडच्या राजाकडून स्थळ आल्यावर ते सगळं मागे पडलं. १२०५ मधे लग्न झालं, आंदण म्हणून श्रॉपशरमधलं एल्समिअर गाव मिळालं.

आता सासरची परिस्थिती. लिवेलिनला आधीच एक मुलगा होता, ग्रिफिद, तांगविस्टल नावाच्या बाईपासून झालेला. चर्चच्या नियमाने तो अनौरस. पण वेल्श कायद्यात, ज्याला हाउएलचा कायदा म्हणतात, बापाने मुलगा आपला म्हणून मान्य केला की झाला तो वारस, आई लग्नाची आहे की नाही हे कुणी विचारत नाही, आणि सगळ्या मुलांना जमिनीत वाटा. आपल्याकडे भाऊवाटणी म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं तेच, फक्त इथे वाटणी राज्याची. लिवेलिनने स्वतः काका-चुलतभावांशी लढून राज्य गोळा केलं होतं, ते पुन्हा तुकड्यात जायला नको होतं.

तर घरात अशी मांडणी झाली बघा. बापाच्या देशात जिला अनौरस म्हणून गादी नाही अशी सून, आणि इथल्या कायद्याने पूर्ण हक्कदार असलेला सावत्र मुलगा. पुढची चाळीस वर्षं या घरात जे जे झालं ते या दोघांच्या मधल्या रेषेवरून झालं, औरस कोण आणि ते ठरवणार कोण.

पहिली मोठी परीक्षा १२११ मधे आली. सासरा-जावयाचं १२१० पासून बिनसलं होतं, जॉन सैन्य घेऊन ग्विनेदमधे घुसला, पहिल्यांदा सैनिकांची उपासमार झाली म्हणून परत गेला, दुसऱ्यांदा पूर्ण तयारीने आला, बँगोर जाळलं, तिथल्या बिशपला पकडलं. लिवेलिनने सरदारांचा सल्ला घेतला आणि बायकोला पाठवलं, जा आणि तुझ्या वडिलांशी बोल. बखरीत हे स्पष्ट आहे. वीस-बावीस वर्षांची मुलगी, एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला नवरा, आणि तिने तह करून आणला. तह फार कडक होता, कॉनवी नदीच्या पूर्वेचा सगळा मुलूख गेला, वीस हजार गुरं आणि चाळीस घोडे दंड, वर ओलीस. ओलिसांमधे ग्रिफिद होता. शिवाय एक अट अशी की शुआनपासून लिवेलिनला वारस झाला नाही तर सगळं राज्य जॉनचं, ग्रिफिदला राजा खुशीने देईल ते.

ही अट दोनदा वाचा. जॉनने तिच्या पोटी येणाऱ्या मुलावर अख्खं ग्विनेद लावलं. त्या दिवसापासून शुआनला मुलगा होणं हा नुसता घरातला विषय राहिलाच नाही. आणि ग्रिफिदच्या बाजूने बघा, किशोरवयातला मुलगा, सावत्र आई बोलणी करून येते आणि त्याला आजोबा नसलेल्या आजोबांच्या तुरुंगात जावं लागतं, चार वर्षं. तो सुटला १२१५ मधे, मॅग्ना कार्टामधे, म्हणजे सरदारांनी जॉनकडून लिहून घेतलेल्या सनदेत, लिवेलिनच्या मुलाला सोडायचं असं वेगळं कलमच आहे. त्याच्या मनात तिच्याबद्दल काय असेल हे कुठल्या कागदात नाही, पण त्याच्या पुढच्या वागण्यात दिसतं असं मला वाटतं.

१२१२ मधे लिवेलिन पुन्हा उठला. जॉनने नॉटिंगहॅमला वेल्श ओलिसांपैकी अठ्ठावीस पोरांना फासावर चढवलं. ग्रिफिद त्यातून वाचला. रॉजर ऑफ वेन्डोव्हर नावाच्या बखरकाराने लिहिलंय की फाशी देऊन राजा जेवायला बसला आणि तेवढ्यात दोन निरोप आले, एक स्कॉटलंडच्या राजाकडून, एक मुलीकडून. दोन्हीत एकच, तुमचे सरदार फितूर आहेत, युद्धावर निघालात तर जिवाला धोका आहे. जॉनने मोहीम रद्द केली. बापाचा जीव वाचावा म्हणून लिहिलं की नवऱ्याचं राज्य वाचावं म्हणून? माझं मत, दोन्हीसाठी, आणि ही बाई इतकी उपयोगी का होती ते इथे कळतं. तिच्या एका पत्राने एक सैन्य जागेवर थांबलं.

मुलगा दाविद साधारण याच सुमारास झाला. एलेन ही मुलगीही तिचीच, १२२२ मधे ती चेस्टरच्या अर्लच्या वारसाला दिली. लिवेलिनच्या बाकीच्या मुलींपैकी कोण शुआनची आणि कोण आधीची यावर अभ्यासकांचं एकमत नाही, ग्वलाडिस ही त्यातली महत्त्वाची, ती लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जॉन ऑक्टोबर १२१६ मधे गेला आणि गादीवर नऊ वर्षांचा हेन्री आला, तिसरा हेन्री, शुआनचा सावत्र भाऊ. इथून पुढची दहा वर्षं म्हणजे पद्धतशीर काम आहे, आणि मला या बाईबद्दल सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो. १२२० मधे इंग्लंडच्या दरबाराने दाविदला लिवेलिनचा वारस मानलं. १२२२ मधे लिवेलिनने पोप होनोरियस तिसरा याच्याकडून शिक्का आणला की आमच्या देशातली ती वाईट चाल, दासीचा मुलगा लग्नाच्या बायकोच्या मुलाबरोबर वारस होतो ती, बंद केलीय. दासीचा मुलगा म्हणजे ग्रिफिद. पण मग एक भोक उरलं होतं. आईच अनौरस, तर तिच्या मुलाला औरसपणाच्या गप्पा शोभतात का? ते भोक एप्रिल १२२६ मधे बुजवलं. त्याच पोपने शुआनला औरस ठरवलं, आईबाप दोघे तेव्हा अविवाहित होते म्हणून. फक्त इंग्लंडच्या राजाला आणि राज्याला याने बाधा येणार नाही एवढी अट घातली.

पस्तीस-सदतीस वर्षांची, लग्न होऊन वीस वर्षं झालेली, मुलगी नांदायला गेलेली, आणि आता कागदावर औरस. हे तिच्या स्वतःसाठी नव्हतं, तिला त्यातून एक एकर जमीन मिळाली नाही. मुलासाठी होतं. आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलाने दिली. ग्रिफिदचा मुलूख १२२१ मधे बापाने काढून घेतला होता, १२२८ मधे त्याला देगानवीच्या किल्ल्यात कैदेत टाकलं, सहा वर्षं. मी शुआनच्या बाजूची आहे, तरी हे लिहिताना हात अडखळतो, कारण जो डाग तिच्यावर जन्मापासून होता तोच डाग, वेल्श कायद्यात जो अस्तित्वातच नव्हता, तिने आणि तिच्या नवऱ्याने त्या पोरावर आणून लावला.

याच काळात ती भावाकडे येऊन-जाऊन असायची, १२२६ मधे श्रूजबरीला हेन्रीची भेट झाली, हेन्रीने तिला रॉथली आणि कॉन्डोव्हर ही गावं दिली होती, नंतर संबंध बिघडल्यावर काढून घेतली. तिचं हेन्रीला लिहिलेलं एक पत्र टिकून आहे. त्यात ती म्हणते की तुमच्यात आणि माझ्या नवऱ्यात आमच्या शत्रूंनी वितुष्ट आणलंय याचं मला शब्दात न मावणारं दुःख आहे, मी गुडघ्यावर बसून, डोळ्यात पाणी आणून विनवते. माहेर-सासरच्या मधे उभ्या असलेल्या बाईचा आवाज कुणालाही ओळखू येईल असा आहे.

आता ब्रिओझ कुटुंब. १२१० मधे शुआनच्या बापाने, जॉनने, या घरातल्या मटिल्डाला आणि तिच्या मोठ्या मुलाला तुरुंगात उपाशी ठेवून मारलं होतं. फासावर गेलेला विल्यम म्हणजे त्याच मटिल्डाचा नातू. त्याच्या बापाने, रेजिनाल्डने, दुसरं लग्न केलं ते लिवेलिनच्या ग्वलाडिसशी, म्हणजे विल्यमची सावत्र आई ही शुआनची मुलगी किंवा सावत्र मुलगी. १२२८ मधे केरीच्या लढाईत विल्यम लिवेलिनच्या हाती सापडला, दोन हजार पौंड खंडणी ठरली आणि त्याबरोबर सोयरीकही, विल्यमची मुलगी इझाबेला दाविदला द्यायची, आंदणात बिल्थचा मुलूख. कैदी असूनही तो सरदार, पाहुण्यासारखाच राहिला असणार, घरच्यांशी ओळख झाली असणार. सुटून गेला आणि १२३० च्या ईस्टरला परत आला, होणारा व्याही म्हणून.

आणि मग खोलीत सापडला.

वेल्श कायद्यात यावर तरतूद आहे हे फार कमी ठिकाणी सांगतात. राजाचा अपमान तीन गोष्टींनी होतो असं त्यात म्हटलंय आणि त्यातली एक म्हणजे त्याच्या बायकोशी दुर्वर्तन. पण त्याची भरपाई गुरांमधे आणि सोन्यात, फाशी नाही. वेल्श कायद्याची सगळी धाटणीच नुकसान भरून देण्याची. म्हणजे विल्यमला चोरासारखं लटकवणं हा कायद्याचा साधा अंमल नव्हता, तो निर्णय होता. लिवेलिनने नंतर विल्यमच्या बायकोला, ईव्हाला, आणि तिच्या भावाला, पेम्ब्रोकच्या अर्लला पत्रं लिहिली, त्यात म्हणतो की आमच्या मुलखातल्या सरदारांना मी थांबवू शकलो नाही, आमच्यावर आलेल्या लाजेचा बदला त्यांनी घेतला. आणि त्याच पत्रात विचारतो, दाविद आणि इझाबेलाचं लग्न ठरल्याप्रमाणे करायचं ना?

ज्या बाईच्या नवऱ्याला नुकतंच फासावर दिलं तिला व्याही म्हणून पत्र. आणि लग्न झालं! बिल्थ लिवेलिनकडे आलं. विल्यमला मुलगा नव्हता, चार मुलीच, त्यामुळे सूड घ्यायला उभा राहणारा कुणी नव्हता, जमिनी मुलींमधे वाटल्या गेल्या, हेन्री त्याच दिवसांत फ्रान्सच्या मोहिमेवर जहाजात बसत होता. लिवेलिनला हे सगळं माहीत होतं. संतापात केलेलं काम असेल तरी डोकं ठिकाणावर होतं.

मग शुआनचं काय? इथे मूळ प्रश्नाकडे येते. त्याने तिला टाकली असती, लग्न मोडलं असतं, किंवा कायमची कोंडून ठेवली असती, तर दाविदचं काय झालं असतं? दाविदचा हक्क तीन पायांवर उभा होता, आई लग्नाची बायको, आई पोपच्या कागदाने औरस, आणि आई इंग्लंडच्या राजाची बहीण. आई गेली की तिन्ही पाय लंगडे. आणि देगानवीला कैदेत तिशीतला ग्रिफिद बसलेला, वेल्श कायद्याने हक्कदार, वेल्श लोकांचा लाडका. एवढंच नाही, आईवर एकदा व्यभिचाराचा शिक्का बसला की दाविद नक्की कुणाचा असंही कुणीतरी विचारणारच. म्हणजे सगळा दोष विल्यमवर टाकून त्याला जाहीरपणे संपवायचं, बायकोला शिक्षा झाली असं दिसू द्यायचं, आणि मग शांतपणे परत आणायचं, ही एकच वाट होती ज्यात मुलाचं राज्य वाचत होतं. १२३१ मधे तिला सोडलं अशी चेस्टरच्या बखरीत नोंद आहे. १२३२ मधे ती दाविदबरोबर श्रूजबरीला हेन्रीशी बोलणी करायला हजर.

बरेच लोक इथे थांबतात, राजकारण होतं म्हणून माफ केलं. राजकारण होतंच, आत्ताच सांगितलं. पण राजकारणासाठी सोडणं पुरेसं होतं. मानाने परत बसवायची, पुन्हा विश्वासाने पाठवायची गरज नव्हती. आणि २ फेब्रुवारी १२३७ ला ती लिवेलिनच्या आबरच्या वाड्यात वारली तेव्हा त्याने जे केलं त्याची तर मुळीच गरज नव्हती. तिला सामुद्रधुनीपलीकडे, अँगलसी बेटाच्या किनाऱ्यावर, लानवाइसला पुरलं, आबरच्या बरोबर समोर, मधे फक्त पाणी. आणि त्या जागेवर तिच्यासाठी फ्रान्सिस्कन साधूंचा मठ बांधला. त्याच वर्षी लिवेलिनला अर्धांगाचा झटका आला. दुसरं लग्न त्याने केलं नाही. मठाचं काम होईपर्यंत तो जेमतेम टिकला, ११ एप्रिल १२४० ला गेला, पुरला मात्र आबरकॉनवीच्या मठात, जिथे त्याने स्वतःची जागा ठरवली होती. बत्तीस वर्षांचा संसार, त्यातलं एक वर्ष कैदेचं, आणि माझं म्हणणं असं की या माणसाला ही बायको हवी होती. एवढं साधं.

बाकी घराचं पुढे काय झालं ते पटकन सांगते. दाविद गादीवर आला, ग्रिफिदला त्याने क्रिकिएथला कोंडलं होतं, पण १२४१ मधे हेन्रीने, सख्ख्या मामासारखा मामा, भाच्यावर स्वारी करून ग्रिफिद ताब्यात घेतला आणि टॉवर ऑफ लंडनमधे ठेवला, दाविदला धाकात ठेवायला. १ मार्च १२४४ ला, सेंट डेव्हिडच्या दिवशी, ग्रिफिद चादरींचा दोर करून टॉवरवरून उतरायला गेला, दोर तुटला, मानेवर पडून मेला. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १२४६ मधे, दाविदही आबरला वारला. इझाबेलापासून मूल नाही. ज्या वारशासाठी पोपचे दोन शिक्के आणले, चौदाएक वर्षं एक मुलगा कधी इंग्लंडच्या तर कधी बापाच्या आणि भावाच्या तुरुंगात काढत राहिला, तो वारसा ग्रिफिदच्या मुलांकडे गेला. त्यातला लिवेलिन ११ डिसेंबर १२८२ ला इंग्रजांशी लढताना पडला, वेल्सचा तो शेवटचा स्वतंत्र राजपुत्र. तिकडे ग्वलाडिसचं दुसरं लग्न मॉर्टिमर घराण्यात झालं होतं, तिच्या मुलाने, रॉजरने, बायको केली ती फासावर गेलेल्या विल्यमची मुलगी मॉड, आणि त्या वंशातून दोनशे वर्षांनी इंग्लंडचा चौथा एडवर्ड राजा निघाला. ब्रिओझ आणि लिवेलिन, दोन्ही रक्त एकाच गादीवर.

लानवाइसचं गाव पुढे पहिल्या एडवर्डने उठवलं, ब्यूमारिसचा किल्ला बांधायचा होता, लोकांना बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन वसवलं. मठ सोळाव्या शतकात मोडला. शुआनची म्हणून सांगतात ती दगडी शवपेटी नंतर कित्येक वर्षं एका ओढ्याकाठी पडून होती, घोड्यांना पाणी पाजायचं भांडं म्हणून. १८०८ मधे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि ती उचलली. आता ब्यूमारिसच्या चर्चच्या दारातल्या ओवरीत ठेवलीय, झाकणावर डोक्याला फडकं बांधलेल्या, हात छातीशी धरलेल्या एका बाईचा चेहरा आहे. तो तिचाच का यावर वाद आहेत. चर्चमधून बाहेर पडलं की थोड्या अंतरावर समुद्र, आणि पलीकडे, स्वच्छ दिवस असेल तर, आबरचे डोंगर दिसतात.